श्वासभर जगणाऱ्यांची गोष्ट

रविवारी सकाळी वृषाली उटनूरच्या बस स्टँडवर उभी होती, आणि तिला गावाहून एका गोष्टीचा शेवट आणायचा होता. आजारी बापासाठी माणसं शहाळी आणतात, औषधं आणतात, फार तर दूरच्या वैद्याचा काढा आणतात. हिचं सगळंच निराळं. शेजारच्या सुवर्णाबाईंनी विचारलं, "कुठं निघाल्या मॅडम?" तर "गावाकडं जरा काम आहे" म्हणून तिनं वेळ मारून नेली. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीनं तिला वेड्यात काढलं असतं.

तिचे वडील नागोराव तहसील कचेरीत कारकून होते. दुसऱ्याच्या शेतात वर्षावर राबणाऱ्या सालदाराच्या पोटी जन्मून कचेरीच्या खुर्चीपर्यंत पोचलेला माणूस, त्यामुळे कागदावर त्यांचा देवासारखा विश्वास. देव मानत नव्हते, पण कागद मानत होते. कोणी काही सांगितलं की पहिला प्रश्न, "आधार काय त्याले?" अशा माणसाची फुप्फुसं आता थकली होती. आदिलाबादच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि वृषालीला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, सेवा करा. घरी आल्यापासून नागोरावांनी ना खायला काही मागितलं, ना कोणाला भेटायची इच्छा धरली. दम लागलेला असायचा, तरी मध्येच तिचा हात धरून विचारायचे, "त्या गोष्टीत शेवटी काय झालं गं?"

कोणती गोष्ट, हे वृषालीला विचारावं लागलं नाही. ती गोष्ट तिलाही अर्धीच ठाऊक होती आणि लहानपणापासून कानामागच्या तिळासारखी तिच्यासोबत होती.

गोष्ट अशी. दूरच्या कुठल्याशा ताऱ्यावरून काही जीव येतात आणि एका अंगणात उतरतात. अंगणात एक माणूस जेवून निवांत बसलेला आहे. या जिवांचं आयुष्य इतकं भरभर चालतं, की त्या माणसानं श्वास आत घेतला की एक पिढी जन्मते आणि बाहेर सोडला की ती मरते. त्यांना तो माणूस डोंगर वाटतो. मग त्यांच्यातल्या एकाला संशय येतो की हा डोंगर जिवंत आहे. तो डोंगराला हाक मारतो, "आमी तुले ऐकू येतो काय?" उत्तर यायच्या आत तो मरतो. मरताना पोराला सांगून जातो, मी हाक मारून ठेवली आहे, तू वाट पाहा. पोरगा नातवाला सांगतो. पिढ्यांमागून पिढ्या वाट पाहतात. माणसाला मात्र कानाशी डास गुणगुणल्यासारखं होतं. तो मान वळवतो, ते बघतात की डोंगर हलला. आणि शेवटी तो उत्तर द्यायला तोंड उघडतो...

पुढे काय, ते कोणालाच माहीत नाही.

वृषाली शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे ही परग्रहावरची गोष्ट तिच्या खास आवडीची. तिनं ती फोनवरच्या एका वाचकांच्या गटात टाकली: ही कथा कोणाची, कुठे छापली होती? उत्तरांचा पाऊस पडला. प्रत्येकाला अगदी खात्री होती आणि प्रत्येकाची खात्री निराळ्या गोष्टीबद्दल होती. एकानं मुंग्यांची गोष्ट पाठवली, एकानं घड्याळात राहणाऱ्या राजाची. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी आधी प्रकाशनाचं साल विचारलं. अहो, साल माहीत असतं तर गटात विचारलं असतं कशाला! अखेर तिच्या ध्यानात आलं, की ही गोष्ट ओळखणारी माणसं जगात फक्त तिच्याच गावची आहेत. म्हणून ती बसमध्ये चढली, इच्चोड्याला गाडी बदलली आणि बाजारहत्नूरच्या पुढं आपल्या गावच्या फाट्यावर उतरली.

गोष्ट गावात आली ती विहारातून. वर्षावासाचे तीन महिने तिथं रोज सांजेला धम्मग्रंथाचं वाचन चालायचं, आणि त्या काळी घडाघडा वाचणारे म्हणजे नागोरावच. रिवाज कडक होता. वाचणाऱ्याला मध्ये टोकायचं नाही, शेवटची गाथा होईपर्यंत कोणी उठायचं नाही, आणि वाचणाऱ्याच्या तोंडून जे आलं ते ग्रंथात आहेच असं धरायचं. लेकरं आयांच्या मांडीवर पेंगायची. त्यातल्याच एका सांजेला ही गोष्ट ऐकल्याचं सगळ्या गावाला आठवतं.

मोतीराम काका विहाराच्या पायरीवरच भेटले. नागोरावांचे जन्माचे सोबती, जुन्या वर्षावासात रोज कंदील लावायचं काम त्यांच्याकडे.

"जय भीम काका."

"जय भीम माय. कसा हाये नागोराव?"

"दम लागते. ती गोष्ट विचारून राह्यले. श्वासात जगणाऱ्यायची."

काकांचा चेहरा खुलला. त्यांनी सगळी गोष्ट सांगितली, डास, डोंगर, वळलेली मान, सगळं. तोंड उघडलं इथवर आले आणि थांबले. "याच्या पुढचं मले नाही येत," ते म्हणाले. वृषालीनं तिथूनच प्रज्वलला फोन लावला. तिच्याच वयाचा, शाळेतला सोबती, आता बेल्लमपल्लीला नोकरीला. त्यानंही गोष्ट सांगितली आणि तोही नेमका त्याच शब्दावर अडला.

"काका, बाबानं ती वाचली कोण्या पुस्तकातून?"

"ग्रंथातूनच ना."

"ग्रंथात नाही ते. मी पूर्ण वाचला आहे."

काकांनी विहाराचं कपाट उघडून दिलं. कापूर आणि जुन्या कागदाचा वास आला. ग्रंथाच्या दोन प्रती, वंदनेची पुस्तकं, गाण्यांच्या चोपड्या, बस. वृषालीनं पान अन् पान चाळलं. बाहेर कापसाच्या शेतावर ऊन तापत होतं, आत मात्र भिंतीला हात लावला तर ओल लागत होती.

"एक सांगू?" मागून काका हळूच म्हणाले. "त्या सांजेला तो पानं उलटवत नव्हता. मी कंदील धरून जवळच होतो. ग्रंथ उघडा होता... पन त्याची नजर कुठं दुसरीकडंच होती."

"मंग तुमी टोकलं काऊन नाही?"

"वाचनाऱ्याले टोकतात का माय?"

परतीच्या गाडीत वृषालीला भीती वाटली नाही, खरं सांगायचं तर तिला मजाच वाटली. म्हणजे बाबांनीच रचली होती! आधार मागणाऱ्या कारकुनानं सगळ्या गावाला बिनआधाराची गोष्ट ऐकवली, आणि गाव इतकी वर्षं ती ग्रंथातलीच मानत बसलं. आता घरी जाऊन त्यांचा कान पकडायचा, असं तिनं ठरवून टाकलं.

ती घरी पोचली तेव्हा दुपार कलली होती. आई, चंद्रभागाबाई, मागच्या दारी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. खोलीत पडदा ओढलेला होता. नागोराव उशीला टेकून बसल्यासारखे निजले होते, आणि श्वास आत गेला की बाहेर यायला फार वेळ लागत होता.

"बाबा, सापडली. ती गोष्ट तुमीच रचली होती. खरं ना?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मंग वाचली कुठून?"

"मी वाचत नव्हतो," ते थांबत थांबत म्हणाले. "मी पन... ऐकतच होतो."

"कोनाकडून?"

नागोरावांनी बोट उचलून कानापाशी नेलं. वृषाली वाकली. खोलीत पंखा बंद होता. रस्त्यावर एक ऑटो गेला आणि शांत झालं. मग तिला ते ऐकू आलं, अगदी बारीक, बापाच्या कानशिलापाशी. डास असेल म्हणून तिनं हात फिरवला. हाताला काही लागलं नाही, आणि आवाज जागचा हलला नाही. ती विज्ञानाची बाई. तिनं कान आणखी जवळ नेला, मग दूर नेला, मग दुसरा कान लावून पाहिला. आवाज एकसुरी नव्हता. चढत होता, उतरत होता, मध्येच क्षणभर थांबत होता, आणि प्रत्येक वेळी थांबून नव्यानं सुरू व्हायचा तो नागोरावांच्या श्वासाबरोबर.



"त्यायनं मले सगळं सांगितलं," नागोराव म्हणाले. "शेवट नाही सांगितला. मनत होते... शेवट तुमच्याकडून यायचा आहे. मले नाही सुचला गं. इतकी वर्सं... नाही सुचला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बिचारे वाट पाहून राह्यले. माह्या दमाले आता... तू सांग."

वृषालीला रडू फुटलं. आयुष्यभर खोट्या कागदावर सही न केलेला हा माणूस, आणि त्याला जाताना एका गोष्टीची हुरहुर लागावी! त्याला असं अर्धवट जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. ती त्यांच्या उशाशी बसली, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि मनाला येईल ते बोलली.

"मंग तो माणूस म्हणाला, तुमी पहिल्यांदा हाक मारली तवाच मी ऐकलं होतं. माही जीभ जड आहे, म्हणून उशीर झाला. रागावू नका. मी गेलो तरी इथं माही पोरगी बसन. तिले विचारा, ती सांगन."

तो बारीक आवाज एकदम थांबला.

खोलीत इतकी शांतता पसरली की मागच्या दारी चिमटे डब्यात टाकल्याचं ऐकू आलं. नागोरावांचा चेहरा सैल झाला. "हां," ते म्हणाले, एखादा कागद नीट वाचून खाली ठेवावा तसं. दिवे लागायच्या सुमारास, चंद्रभागाबाई त्यांच्या ओठांना पाणी लावत असताना, त्यांनी श्वास सोडला तो परत घेतला नाही.

त्या दुपारी काय झालं ते वृषालीनं कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय? दुःखात माणसाला नाही नाही ते ऐकू येतं, असंच सगळे म्हणाले असते, आणि तीही स्वतःला तेच समजावत होती.

नागोरावांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी गावची माणसं उटनूरला आली. भंतेजींनी परित्राणपाठ म्हटला, जेवणं झाली, पांगापांग सुरू झाली. वृषालीनं सगळ्यांना चहा दिला. ओसरीवर मोतीराम काका कप हातात धरून नुसतेच बसले होते, चहावर साय धरली तरी घोट घेतला नव्हता.

"काका, चहा घ्या ना."

त्यांनी चमकून वर पाहिलं. "वृषे, बस इथं जराशी." ती बसली. "मले शेवट आठवला."

"कशाचा?"

"त्या गोष्टीचा. नागोराव गेला, त्याच सांजेला आठवला. मी बैलाले पानी पाजत होतो, आन् सारं डोळ्यापुढं आलं." काकांनी आवाज खाली आणला. "विहारात नागोराव बोलता बोलता थांबला होता, तोंड उघडं ठेवून. आन् मागं बाया बसत, तिकडून एक बाई बोलली. मनली... मी पहिल्या हाकेलेच ऐकलं. जीभ जड हाये. रागावू नका. मी गेलो तरी माही पोरगी बसन."

वृषाली पुढं वाकली. "हे तुमाले कोणी सांगितलं?"

"कोन सांगन? मी सोता ऐकलं. प्रज्वललेही तेच आठवलं, काल फोन आला होता त्याचा. आमाले वाटलं तुही माय बोलली. पन चंद्रभागा तर भिंतीले टेकून झोपली होती, आन् तू तिच्या मांडीवर, एवढीशी." काका तिच्याकडे बघेनात. "आवाज तुहा होता माय. तवाचा नाही, आत्ताचा. आता चहा घ्या मनलीस ना, तोच."

तिनं विचारलं, "मंग? गोष्ट तिथंच संपली ना काका?"

"कुठची संपते!" ते म्हणाले. "तू बोलतच राह्यली. आमी गाथा मनली, उठलो, दार लावलं, तरी आत तुहा आवाज चालूच होता. पन पुढचं काई समजलं नाही पोरी. लई भरभर बोलत होती तू... लई भरभर."

गावची जीप आली, काका गेले. वृषाली ओसरीवर एकटीच बसून राहिली. पुढं आपण काय बोललो असू, याचा ती विचार करत होती, आणि खरं तर भीतीपेक्षा तिला तेच जाणून घ्यायचं होतं.

घरातून चंद्रभागाबाईंची हाक आली. "वृषे, हळू बोल ना. एक अक्षर समजून नाही राह्यलं मले."

वृषालीनं तोंडावर हात ठेवला. तोंड बंद होतं.

आत थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग चंद्रभागाबाई म्हणाल्या, "हां, आता समजलं. सांग पुढं."