जरा मला द्या

जेवण आटोपून वाचकबाई नेहमीप्रमाणे ग्रंथालयाच्या तळघरात उतरल्या. अंध वाचकांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायची, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं होतं. आता घसा बसला होता, पानापानाला खोकला यायचा. म्हणून त्यांच्याच जुन्या ध्वनिमुद्रणांवरून एक यंत्र तयार केलं होतं. ते बाईंच्याच आवाजात वाचायचं, तेही तिशीतल्या. बाईंनी समोर बसून त्याच्या चुका काढायच्या. चुका संपल्या की बाईंचं कामही संपणार, हे कोणी बोललं नव्हतं, पण बाई काही दुधखुळ्या नव्हत्या.

नशिबाने यंत्राची एक खोड जात नव्हती. 'जरा' म्हणजे थोडं असेल तर ज 'जागा'मधला, आणि म्हातारपण असेल तर 'जन्म'मधला. लिहायला दोन्ही सारखेच, फरक कळतो तो जिभेला. यंत्र मात्र सरसकट जन्मातला ज लावायचं. 'जरा थांबा' म्हटलं की म्हातारपणालाच थांबा म्हटल्यासारखं वाटायचं. बाईंची हसून पुरेवाट व्हायची.

"हे शिकत नाही तोवर माझी खुर्ची शाबूत," त्या काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाला म्हणायच्या. त्याला त्या बटणराव म्हणत.

"मग शिकवू नका ना, बाई!"

पण चूक ऐकून गप्प बसवेल तर त्या बाई कसल्या! दिवसातून दहादा त्या यंत्राला सांगायच्या, "अहं. जरा."

त्या दुपारी बटणराव चहाला वर गेला. जाड दार लागलं आणि बाहेरचा आवाज बंद झाला. भिंतींना अस्तर होतं, त्यामुळे खोलीत स्वतःच्या कानातली गुणगुणसुद्धा ऐकू यायची. तापलेल्या तारांचा मंद वास येत होता. पुस्तकावर छोटा दिवा होता, बाकी सगळा अंधार. गोष्टीतला तहानलेला प्रवासी पाण्याचा तांब्या मागत होता.

"जरा मला द्या," यंत्र म्हणालं. पुन्हा जन्मातलाच ज.

बाईंना हसू आलं आणि त्याबरोबर खोकल्याची उबळही. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "घे बाई, सगळी घे!"

यंत्र थांबलं. मग खोलीत कोणीतरी श्वास घेतला... लांब, घरघरता. बाईंनी तर आपला रोखून धरला होता.

"दिलीत...?"

बाईंनी घाईघाईने पान पाहिलं. तिथे तसं काही लिहिलेलं नव्हतं. त्यांना भीती वाटली, आणि त्यांनी सरळ घरी फोन लावला.

"अहो, मी बोलतेय."

"मी म्हणजे कोण आपण?" नवऱ्याने अदबीने विचारलं. "आमची मंडळी कामावर गेलीय."

बाई खुदकन हसल्या, आणि या खेपेला खोकला आला नाही.

आठवड्याभरात यंत्राचा आवाज चिरकला. वाक्य संपेपर्यंत त्याला धाप लागायची. बटणरावने तारा बदलल्या, नाना खटपटी केल्या, पण गुण आला नाही. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "बाई, आता तुम्हीच वाचा." बाई पुन्हा माइकपुढे बसल्या. आवाज कसा खणखणीत लागत होता! इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत लाभलं नव्हतं. घरीसुद्धा त्या गुणगुणतच वावरायच्या.

नवं पुस्तक सुरू झालं. दुसऱ्याच पानावर बटणरावने हात वर केला.

"बाई, 'जरा सरका' पुन्हा घ्या ना. ज जन्मातला लागला."

"माझा?" बाईंनी पुन्हा म्हटलं. त्याने मान हलवली. त्यांनी एकदा असं म्हणून पाहिलं, एकदा तसं. जरा. जरा. दोन्ही त्यांना अगदी एकसारखेच ऐकू येत होते. तीस वर्षं ज्यावर जगल्या तो फरक कुठे होता, तेच आठवेना.

तेव्हा कोपऱ्यातून, तारा काढून ठेवलेल्या यंत्रातून, थकलेल्या आवाजात कोणीतरी मायेने म्हणालं,

"अहं... जरा."