रंभेच्या चार पंगती

आवाज वाढला आणि काम कमी झालं, हे माणसांच्या बाबतीत नेहमीचंच आहे. गाडीच्या बाबतीत तेच घडलं, तेव्हा अकरा वर्षांची शाल्मली चक्रावली.

साल २०६१. कोल्हापुरात सगळ्या गाड्या विजेवर, तोंडातून ब्र न काढता धावत होत्या. अपवाद रंभेचा. रंभा म्हणजे शाल्मलीच्या आबांची लाल, दोन आसनांची, साठ वर्षांची स्पोर्ट्स कार. ती उसापासून केलेल्या इथेनॉलवर चालायची. अशा जुन्या गाड्यांसाठी नियम होता: वर्षातून एकदा केवडा घाट अकरा मिनिटांत चढून दाखवायचा. नाही जमलं, तर इंजिन काढून संग्रहालयाच्या दारात तिची फुलझाडांची कुंडी करायची. अठरावं लागलं की रंभा शाल्मलीला मिळणार होती. कुंडी चालवता येत नाही, एवढं तिला कळत होतं.

परीक्षा रविवारी. बुधवारच्या सरावात रंभेनं अकरा मिनिटं दहा सेकंद घेतले. म्हणून आबांनी धुराचा मागचा पाइप काढून मांडीएवढा जाड पाइप बसवला. आबांनी चाळीस वर्षं रॉकेटच्या धुराचा अभ्यास केला होता. पण स्वतःच्या गाडीच्या बाबतीत त्यांनी गल्लीचं ऐकलं. गल्लीचं म्हणणं होतं, "आवाज निघाला पाहिजे!" आवाज निघाला. तालमीतले पैलवान बाहेर येऊन बघून गेले. घाटाला मात्र आता अकरा मिनिटं अठरा सेकंद लागले.

"आबा, पाइप मोठा केला, तर धूर लवकर जायला पाहिजे ना?"

"पाहिजे," आबा म्हणाले आणि टक्कल खाजवू लागले.

"उष्टी पानं उचललेली दिसत नाहीत," वामन म्हणाला.

वामन हा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). पूर्वी तो मंगल कार्यालयात वाढपी होता. आबांना पाना देतानाही तो "अजून एक घ्या, संकोच करू नका" असा आग्रह करायचा.

"म्हणजे काय रे, वामन?" शाल्मलीनं विचारलं.

"कार्यालयात चार खोल्यांत चार पंगती बसायच्या. हात धुवायला जायचं दार एकच. एका खोलीतले निघाले, की दुसऱ्या खोलीतले आडवे यायचे. मग निम्मे पुन्हा पाटावर. त्यांच्या पाठीमागे नवी माणसं ताटकळत उभी. श्रीखंड माझ्या हातात."

आबांनी टक्कल खाजवणं थांबवलं. "शाल्मली, रंभेला चार सिलिंडर आहेत (इंधन जळतं ती नळकांडी). प्रत्येकात इंधन जळतं आणि धुराचा एक लोट बाहेर पडतो. इंजिनाला चिकटलेल्या या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) तुकड्यात चारही लोट लगेच एकमेकांवर आदळतात. थोडा धूर आतच राहतो..."

"आणि नव्या इंधनाला बसायला जागा नाही!"

"बरोबर. मी मात्र गावाबाहेरचा रस्ता रुंद करत बसलो."

"पण रुंद केल्यानं बिघडलं का?"

आबांनी जाड पाइप उतरवला आणि जमिनीवर राखेचे दोन ढीग केले. "या जाड पाइपातून एका ढिगावर फुंकर मार."

शाल्मलीनं गाल फुगवून फुंकलं. राख जागची हलली नाही. मग आबांनी तिला चुलीची जुनी फुंकणी दिली. या वेळी राख उडाली ती थेट आबांच्या मिशीत.

"अजून थोडी घ्या," वामन म्हणाला.

"फुंकर तेवढीच," शाल्मली विचार करत म्हणाली. "जाड पाइपात ती पसरली आणि मंदावली. अरुंद नळीत जोरात गेली."

"आणि जोरात गेलेला लोट आपल्या मागे कमी दाब (हवा विरळ झालेली जागा) सोडतो," आबा मिशी झटकत म्हणाले. "प्रत्येक सिलिंडरला अशी वेगळी नळी दिली, तर नळ्या जिथे मिळतात तिथून लोट पुढे गेला, की दुसऱ्या सिलिंडरातला उरलेला धूर मागोमाग ओढला जातो. फार अरुंद नळी केली, तर मात्र धूर कोंडतो. मापात हवं."

दोन दिवस खपून आबांनी आणि वामननं हेडर बनवला (प्रत्येक सिलिंडरची वेगळी नळी असलेला जुडगा). चारही नळ्या पुढे जाऊन एकाच बेताच्या पाइपाला मिळत होत्या. जवळच्या सिलिंडरची नळीसुद्धा उगीचच वळसा घेऊन आली होती.

"हिला एवढं फिरवलं कशाला?" शाल्मलीनं विचारलं.

"चारही लांबीला सारख्या हव्यात," वामन म्हणाला. "नाहीतर तिसरी पंगत दुसरीच्या अंगावर येते. मी पाहिलंय. वरमाय पडली होती."

रविवारी घाटमाथ्यावर संग्रहालयाचे साहेब घड्याळ घेऊन उभे होते. सोबत झेंडूची रोपंही आणली होती. माणूस तयारीचा.

रंभा निघाली. गल्लीची निराशा झाली, कारण आवाज नुसता घुमला, गरजला नाही. आबांच्या शेजारी बसलेली शाल्मली वळणं मोजत होती. शेवटच्या चढावर रंभा नेहमी धापा टाकायची. आज ती तिथं हसतखेळत वर गेली.

"दहा मिनिटं चोपन्न सेकंद," साहेब जरा पडेल आवाजात म्हणाले.

शाल्मलीला त्यांची दया आली. "काका, रोपं मला द्याल?"

परतताना तिनं झेंडूची रोपं मांडीवर घेतली. मग म्हणाली, "आबा, चंद्रावरच्या वस्तीत खोल्यांमधली शिळी हवा नीट बाहेर पडत नाही म्हणतात. तिथंही चार खोल्यांना एकच दार असेल का?"

"पत्र लिहून विचार त्यांना," आबा म्हणाले.

पत्र गेलं, उत्तर यायचं आहे. तोवर आबांच्या अंगणात मांडीएवढा जाड पाइप उभा पुरला आहे. त्यात झेंडू छान फुलला आहे, आणि आवाज अजिबात करत नाही.