फोटोच्या बाहेरचा

बावीस इंची रुंद मॉनिटर कोल्हापूरहून फोंडाघाट उतरून सुखरूप आला आणि निकेतच्या लॅपटॉपला जोडल्याबरोबर हटून बसला. व्हायरसला कंटाळून निकेतने लॅपटॉपवर लिनक्स घातलं होतं, त्याची फळं आता तो भोगत होता. पडदा भलामोठा, पण त्यावरची माणसं वरून दाबल्यासारखी फताडी दिसत होती.

२००९ची नारळी पौर्णिमा कालच झाली होती. मालवणच्या किनाऱ्यालगतच्या त्याच्या फोटो स्टुडिओत धाकट्या भावाची बायको उर्वशी पंख्याखाली बसली होती. भाऊ स्वरूप मुंबईची नोकरी सोडून आला होता आणि आज पाच वाजता बाबलीच्या होडीवरून पहिल्यांदाच मासेमारीला निघणार होता. वडील कैक वर्षांपूर्वी असेच समुद्रावर गेले ते परतलेच नव्हते, त्यामुळे स्वरूपने जाऊ नये असं निकेतला सकाळपासून वाटत होतं.

"भावोजी, सकाळचो फोटो दाखवतास मां? माका किनाऱ्यार जावचा आसा."

निकेतने टर्मिनलमध्ये पडद्याचं माप बदलायची आज्ञा टाइप केली. बाराशे ऐंशी गुणिले नऊशे साठ, फोटोच्याच प्रमाणात. माणसं सरळ झाली. सकाळी निकेतने किनाऱ्यावर काढलेला फोटो: होडीत पाच जण, मधोमध पिवळ्या शर्टातला स्वरूप. उर्वशी लाजून हसली आणि निघून गेली.

पडद्यावरची अक्षरं अजून धूसर होती. त्याने चौदाशे चाळीस गुणिले नऊशे दिलं. पडदा आता फोटोपेक्षा रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना काळे पट्टे यायला हवेत.

ते आले नाहीत. होडीच्या पुढे वाळू होती. वाळत घातलेली जाळी होती. उजव्या कडेला एक पिवळी बाही होती.

त्याने फाइल तपासली, मापं कॅमेऱ्यातलीच होती. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर फोटो होडीच्या टोकाशी संपत होता. त्याने केबल काढून पुन्हा लावली. वाळू तशीच राहिली.

आता थांबावं, असं त्याला मनापासून वाटलं. पण बोटांनी शेवटची आज्ञा लिहिलीच. एकोणीसशे वीस गुणिले एक हजार ऐंशी, मॉनिटरची पूर्ण रुंदी.

घोटाभर पाण्यात स्वरूप उभा होता. होडीतही स्वरूप बसला होता. पाण्यातल्याची पाठ इकडे होती आणि मान थोडी वळलेली, कुणाच्या तरी हाकेची वाट बघत असल्यासारखी.

घड्याळात पाच वाजत आले होते. निकेत चपला न घालताच धावत सुटला.

समुद्रावर निघालेल्याला मागून हाक मारायची नाही, हे मालवणात शेंबड्या पोरालाही ठाऊक. निकेतलाही ठाऊक होतं. पण वडिलांना कुणी हाक मारली असती तर, असं त्याला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं.

होडी लोटत होते. गर्दीच्या पलीकडे पाण्यात पिवळा शर्ट दिसला.

"मागसून हाक मारू नकात, भावोजी!" उर्वशी ओरडली.

"स्वरूपा! परत ये!"

पिवळा शर्ट वळला.

तो मुकाट्याने पाण्यातून बाहेर आला. निकेतने त्याचं मनगट घट्ट धरलं. निकेतला रडूच आलं.

"घराक चल. बाबलीक मी सांगतंय काय ता."

त्याचा हात गार होता. पाण्यातून आलाय, गार असणारच, असं निकेतने स्वतःला सांगितलं.

इंजिन धडधडलं. होडी लाटेवर चढली. उर्वशी हात हलवत उभी होती. मग डोळे पुसत ती निकेतकडे आली.

"गेले. माझ्याकडे बघून हसले," ती म्हणाली. "तुमची हाक त्यांका ऐकाक गेली नाय, बरा झाला."

निकेतने होडीकडे पाहिलं. पाच डोकी होती.

"पण भावोजी, तुमी अशी मूठ आवळून कित्याक उभे?"

त्याने बोटं सोडली. मुठीतलं मनगट हळूच फिरलं आणि आता त्या हाताने निकेतचं मनगट धरलं.