बिनचटणीच्या चार इडल्या

रविवारी सकाळी सव्वासातला आरे कॉलनीतून फोन आला. फिरायला आलेल्या एका गृहस्थांना बंद पडलेल्या गोठ्यामागच्या रस्त्यावर एक रिक्षा उभी दिसली होती. मागच्या सीटवर एक म्हाताऱ्या बाई बसलेल्या होत्या. त्यांना तीनदा हाका मारून झाल्या होत्या.

उपनिरीक्षक अनुपमा तोरसकर पोचली तेव्हाही बाई तशाच बसलेल्या होत्या. इस्त्रीची जांभळी साडी, हातात पाटल्या, मांडीवर पर्स. पर्समध्ये पैसे, फोन, घराची किल्ली, सगळं जागच्या जागी. चोरी नव्हती, झटापट नव्हती. रिक्षाची चावीसुद्धा जागेवर होती. नव्हता तो फक्त ड्रायव्हर.

अनुपमा कधी घाई करत नसे. पन्नाशी आली होती, आणि घरी वाट बघणारं कुणी नसलं की घाई आपोआप सुटते. ती रिक्षाभोवती सावकाश फिरली. काचेवर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’. पुढच्या बंपरला ताजी लिंबू-मिरची. रस्ता उताराचा, म्हणून मागच्या चाकाला दगड लावलेला. आणि सीटवर, बाईंच्या शेजारी, वर्तमानपत्रात बांधलेलं एक पार्सल.

हवालदार विशालनं ते उघडलं. आत चार इडल्या होत्या.

“चटणी नाय, सांबार नाय,” तो म्हणाला. “असल्या कोरड्या इडल्या कोण खातं यार?” मग समोर कोण आहे ते आठवून त्यानं जीभ चावली. “म्हणजे, मॅडम.”

नंबरवरून रिक्षावाला तासाभरात सापडला. खंडू इंगोले, वय शेहेचाळीस, गोरेगावात एका जुन्या सोसायटीच्या मागच्या वस्तीत राहणारा. बाई त्याच सोसायटीतल्या. विमला शिरोडकर, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, विधवा, मूलबाळ नाही. दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, हृदयविकाराचा झटका, शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास.

“पण लगेच गेल्या नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “तासभर तरी जीव होता. वीस मिनिटांवर हॉस्पिटल आहे. कुणीतरी नुसती रिक्षा वळवायची होती.”

म्हणजे कुणीतरी वळवली नव्हती. जिवंत बाईला रानात टाकून तो माणूस चालता झाला होता.

खंडू चौकीच्या बाकावर अंग चोरून बसला होता. डोळे लाल होते. कपाळाला हात लावला तर चटका बसत होता.

“शनिवारी चारला विमलाबाईंना घेऊन निघालात?”

“नाही मॅडम. शुक्रवारपासून तापानं पडलोय. तीनला मावशीचा, म्हणजे विमलाबाईंचा फोन आला, मी म्हटलं आज राहू द्या.”

“मग रिक्षा कुणी नेली?”

“काय माहीत. मी सोसायटीच्या आवारात लावतो. चावी वॉचमनच्या केबिनीत खिळ्याला असते. दिवसा तिथं कुणी नसतं. सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे.”

“तुम्ही घरात होतात हे कुणी पाहिलं?”

“एकट्याला कोण बघतंय, मॅडम?”

अनुपमानं मान खाली घालून ते लिहून घेतलं.

“बाईंना कुठं कुठं न्यायचात?”

तेव्हा खंडूचा चेहरा जरा उजळला. विमलाबाईंच्या नवऱ्याला बाहेरचं खाल्लेलं खपत नसे. चाळीस वर्षं बाईंनी रस्त्यावरचा वडासुद्धा चाखला नव्हता. नवरा गेला, वर्ष सरलं, आणि एका शनिवारी त्या खंडूच्या रिक्षात येऊन बसल्या. म्हणाल्या, “खंडू, मला आता मुंबई खायची आहे.”

तेव्हापासून चार वर्षं दर शनिवारी चार वाजता रिक्षा निघायची. घाटकोपरच्या खाऊगल्लीतला डोसा, मुलुंडची पाणीपुरी, गोवंडीचा खिचडा, बोरिवलीच्या बाजारामागचे कांदाभजी. दोन प्लेटी, दोघं रिक्षातच बसून खायचे. बाई वहीत मार्क द्यायच्या. दहापैकी नऊच्या वर कुणाला मिळाले नव्हते.

“मॅडम,” खंडू म्हणाला, “मला काय करायचं ते करा. पण तिला अग्नी देतील तेव्हा मला तिथं उभं राहू द्या. नंतर परत येऊन बसतो इथंच.”

अंत्यसंस्कार सोमवारी चार वाजता होते. आणि खंडूची अटक कागदावर आणायचा मुहूर्त मोठ्या साहेबांनी सोमवारी दुपारी तीनचा काढला होता. आता तरी तो चौकशीसाठीच बसवलेला होता.

“केस सरळ आहे, तोरसकर,” साहेब म्हणाले. “रिक्षा त्याची, गिऱ्हाईक त्याचं. बाईला झटका आला, हा घाबरून पळाला.”

“त्याला ताप आहे, सर.”

“चोराला भीतीनंच येतो. आणि साक्षीदार आहे की. पहिल्या मजल्यावरच्या पेडणेकरांनी खंडूला बाईंना घेऊन जाताना पाहिलंय.”

बाईंचा भाचा हर्षद मुलुंडहून आला होता. तोही तेच म्हणत होता. “आत्याला किती वेळा सांगितलं, त्या रिक्षावाल्याचा नाद सोड. ऐकलं नाही.”

“तुम्ही शेवटचे कधी आला होतात त्यांच्याकडे?”

हर्षदनं बराच विचार केला. “गणपतीत. ह्या नाही, मागच्या.”

“शनिवारी कुठं होतात?”

“मेव्हण्याच्या साखरपुड्याला, ठाण्यात. दोनशे माणसं होती. विचारा कुणालाही.”

विचारलं. खरं होतं. आत्याचा फ्लॅट त्यालाच मिळणार होता हेही खरं होतं, पण माणूस आपमतलबी असला म्हणून एका वेळी दोन ठिकाणी असत नाही.

संध्याकाळी अनुपमा क्वार्टरवर आली. ओट्याशी उभ्यानंच चहा-पाव खाल्ला. मागच्या महिन्यात ती तीन दिवस तापानं पडली होती. दुसऱ्या दिवशी पोटात आग पडली म्हणून स्वतःच भिंत धरत जिना उतरून कोपऱ्यावरच्या गाडीवर गेली होती. तिथं काय मागितलं होतं ते आठवलं आणि पाव तिच्या हातात तसाच राहिला.

सोमवारी सकाळी ती सोसायटीत गेली. जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही. विमलाबाईंच्या दाराला पोलिसांचं सील. त्यांच्या खालचं दार धोंडू पेडणेकरांचं. चौकटीवर लिंबू-मिरची, पायपुसणं झटकलेलं, पितळी पाटी लख्ख घासलेली.

“ये गो बाय, बस,” म्हातारबुवा म्हणाले. त्र्याहत्तर वर्षांचे, अंगानं काटक, डोळ्यांना जाड भिंग. नको म्हणेपर्यंत चहा टाकलासुद्धा. कपाटातून दुसरा कप काढून त्यांनी दोनदा धुतला. तो बऱ्याच दिवसांत वापरला गेला नसावा.

“काका, एकटेच असता? मुलगा वगैरे?”

“बायको जाऊन नऊ वर्सां झाली. झिल सिद्धेश पुण्याक असता. फोन करता.”

“काम काय करायचात?”

“तीस वर्सां दुधाचो टँकर चलवलंय. आरे, गोरेगाव, वरळी. एक ओरखडो नाय गाडीक.”

“आता चालवता?”

“नाय गो. मागे शेजाऱ्याच्या स्कूटराक धक्को लागलो, डोळ्यांनी दगो दिलो. सिद्धेश म्हणालो, परत गाडीक हात लावलास तर वृद्धाश्रमात ठेवीन.”

“शनिवारी खंडूला कुठून पाहिलंत?”

“हयसून.” त्यांनी खिडकीकडं बोट केलं. खिडकीशी खुर्ची होती, खुर्चीत चपटी झालेली उशी.

अनुपमा तिथं जाऊन उभी राहिली. खाली आवारात दुसरी एक रिक्षा वळत होती. वरून तिचं पिवळं टप तेवढं दिसलं. तिनं चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि विशालला फोन लावला.

दुपारी एक वाजता साहेबांच्या खोलीत चौघं बसले होते. साहेब, हर्षद, धोंडूकाका आणि अनुपमा. दाराशी विशाल उभा.

“खंडूनं ती रिक्षा शनिवारी चालवलीच नाही, सर,” अनुपमा म्हणाली.

“पुरावा?”

“इडल्या. मला ताप आला तेव्हा मी हेच मागितलं होतं. चटणी नको, सांबार नको. आजारी माणसाला तसल्याच देतात. बाईंनी त्या कुणासाठी घेतल्या? तापानं पडलेल्या खंडूसाठी. खंडू शेजारी बसला असता तर त्याच्या हातात प्लेट दिली असती. सोबत असलेल्या माणसासाठी पार्सल कोण घेतं?”

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

“दुसरं, बंपरला लिंबू-मिरची होती. ताजी, म्हणजे शनिवारचीच. काचेवर जय भीम लिहिणारा खंडू ती बांधणार नाही. मी आज विचारलं. म्हणाला, रिक्षा घेतल्यापासून एकदाही नाही. म्हणजे ती त्या दिवशी चालवणाऱ्यानं बांधली. गाडी बाहेर काढायची, शनिवार आहे, तर आधी बांधायची, इतकी ज्याच्या अंगात मुरलेली सवय आहे त्यानं. त्या भरात ही रिक्षा कुणाची, हे तो विसरला.”

“असे गोरेगावात हजार आहेत.”

“आहेत. पण उतारावर गाडी लावली की रिक्षावाला हँडब्रेक ओढतो आणि उतरतो. चाकाला दगड लावतो तो जड गाडीचा ड्रायव्हर. लाखभर रुपयांची पैज लावते, ज्यानं दगड लावला त्याला आपण लावला हे आठवतही नसेल. आणि बंद गोठ्यामागचा तो रस्ता दुधाच्या गाड्या सोडल्या तर कुणी वापरत नव्हतं.”

आता कुणीच तिच्याकडं बघत नव्हतं. सगळे धोंडूकाकांकडं बघत होते.

“काका, तुमच्या खिडकीतून रिक्षाचं टप दिसतं. ड्रायव्हर दिसत नाही. तुम्ही खंडूला पाहिलं नाहीत. तुम्ही त्याच्या जागेवर बसला होतात.”

काकांनी चष्मा काढला. पुसायला काही सापडेना, तसा हातातच धरला.

“चार वर्सां त्या खिडकीत बसान बघतंय,” ते म्हणाले. “दर शनिवारी चार वाजता ती रिक्षा जाय. हसत जायत दोघांय. त्या दिवशी ती जिन्यात बसलेली. साडी नेसान, पर्स घेवन. खंडू येणा नाय म्हणान. मी म्हटलंय, चल, मी नेतंय. ती हो म्हणाली.”

“कुठं गेलात?”

“अंधेरीक मिसळ खाल्ली. माझ्या मिसळीक नऊ मार्क दिल्यान.” एवढं सांगताना म्हाताऱ्याचा आवाज क्षणभर फुलला आणि लगेच विझला. “पण वाटभर खंडू, खंडू. खंडूनं ह्या खिलवल्यान, खंडू थय नेता. परतताना गाडी थांबवक लावल्यान, इडल्यो घेतल्यो. त्या पण खंडूक. मी म्हटलंय, माझी आरे तरी बघ. तिका गोठो दाखवूक उतरलंय, मागे बघतंय तर तिका घाम सुटलेलो. मान पडली.”

“फोन का नाही केलात?”

“सिद्धेश दिसलो डोळ्यांसमोर. बिल्डिंगवाले दिसले. म्हातारो-म्हातारी रानात काय करीत होती, इचारतले. मी चालत बस स्टॉपवर गेलंय.”

“आणि खंडूचं नाव?”

काकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“तेका चार वर्सांचे शनिवार मिळाले,” ते म्हणाले. “माका एक. तो पण तेच्याच नावान गेलो.”

अनुपमाला त्यांची भयंकर चीड आली, आणि त्याहून भयंकर कीव. पितळी पाटी, चपटी उशी, दोनदा धुतलेला कप. आणखी वीस वर्षांनी आपली खिडकी अशीच असेल, असं तिला वाटून गेलं. पण एकटेपणाची शिक्षा दुसऱ्याला भोगायला लावता येत नाही. खंडूही एकटाच होता, त्यानं कुणाचं काही हिरावलं नव्हतं.

विशाल त्यांना दंडाला धरून नेऊ लागला. दारात काका थांबले.

“बाय गो. मी निघालंय तेव्हा ती गेलेलीच ना?”

खोटं बोलणं सोपं होतं. खोलीतल्या कुणी तिला खोडून काढलं नसतं.

“नाही, काका,” अनुपमा म्हणाली. “तासभर होत्या.”

ते तिथंच जमिनीवर बसले. विशालनं त्यांना उठवायची घाई केली नाही.

खंडूला सोडायचे सोपस्कार साडेतीनपर्यंत चालले. जीप स्मशानाच्या फाटकाशी लागली तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. शववाहिनी उभी होती. मागचं दार उघडं होतं आणि हर्षद मोबाइलवर कुणाला तरी ओरडत होता, “अरे, येतो म्हणाला होतास ना!” बिल्डिंगमधून कुणी आलं नव्हतं. पेडणेकरांची भानगड कळल्यावर तर येणारेही घरी बसले होते. गाडीचा ड्रायव्हर होता, हर्षद होता. भटजी आत थांबले होते.

खंडूला पाहून हर्षदनं फोन खिशात टाकला. तो नुसता बाजूला सरकला आणि पुढच्या दांड्याजवळची जागा मोकळी केली. खंडूनं अंगावरचा शर्ट नीट खोचला, हात गुडघ्यांवर पुसले आणि दांडा धरला.

तरी तिघंच होत होते. अनुपमानं डोक्यावरची टोपी काढून जीपच्या सीटवर ठेवली आणि चौथ्या टोकाशी जाऊन उभी राहिली. आतून भटजींनी एकदा वर पाहिलं. मग ते पुन्हा तयारीला लागले.

तिरडी उचलली. फाटकातून आत जाणारा रस्ता नुकताच पाइपांसाठी खणून ठेवला होता. पुढं खंडू होता. तो पायानं चाचपत चालत होता.

“सावकाश घ्या,” तो मागं न बघता म्हणाला. “खड्डा आहे.”