कप्पू पिसाळलेला नव्हता!

"आई, दामोदरआजोबांच्या फाटकाआड एक बादली असते. तिला झाकण नाही. कप्पू सारखा तिथे हुंगत असतो!" सुमाने मला सोमवारीच सांगितलं होतं.

"असू दे गं! कुत्रा बादलीतलं काय पिणार?" म्हणून मी कुकर लावायला गेले.

गुरुवारी सकाळी कुवेंपुनगरातली आमची गल्ली ओरडण्याने दणाणली.

"हुच्चु नाई! पिसाळलेलं कुत्रं! काठ्या आणा!" दामोदरराव फाटकातून गरजत होते. रस्त्यावर काळा कप्पू लटपटत होता. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, अंग थरथरत होतं, पुढ्यात उलटी पडली होती. दोघं शेजारी काठ्या घेऊन सरसावले.

कॅरम अर्धा टाकून सुमा आणि तिच्याशी खेळणारे भुवन अन् तुंगा धावत आले.

"मारू नका!" सुमा ओरडली. "आत्ता अर्ध्या तासापूर्वी माझ्यामागे दुकानापर्यंत आला होता तो. धडधाकट!"

"बाजूला हो! चावला तर जबाबदार कोण?" दामोदरराव ओरडले.

"चावतो कुठला? उभंही राहवत नाही त्याला!" तुंगा म्हणाली. "आम्ही लांबच आहोत. तुम्ही पण काठ्या खाली ठेवा की!"

तोवर मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला होता.

"अचानक झालंय? मग थांबू नका, लगेच आणा," ते म्हणाले. "लाळेला हात लावू नका. तोंडात काही ओतू नका. अन् काय खाल्लं ते शोधा, उपचार त्यावर ठरतील."

एक आजी ताकाचा तांब्या घेऊन आल्याच होत्या. तुंगाने त्यांना वाटेतच अडवलं.

"बादली!" सुमा कुजबुजली. पण फाटकाआडची बादली गायब! फरशीवर नुसता ओला, गोल डाग.

"आजोबा, त्या बादलीत काय होतं?"

"कसली बादली? मला जाब विचारतेस? नीघ इथून!"

आता भुवन पुढे झाला. त्याने दामोदररावांच्या गुलाबांकडे बघून मोठा सुस्कारा सोडला.

"काही म्हणा आजोबा, आमच्या गुलाबांवरचा मावा जातच नाही. तुमच्या एका पानावर कीड नाही! बाजारातलं औषध असणार."

"बाजारातलं? छट्!" दामोदररावांची छाती फुगली. "हुणसूरहून तंबाखूची पानं मागवतो. दोन दिवस भिजत घालायची, वर गूळ टाकायचा. गुळाने पाणी पानाला चिकटून राहतं. कुणाला जमतंय असं?"

"अय्यो, गूळ!" तुंगा किंचाळली. "गोड लागलं म्हणून प्यायला तो! तंबाखूचं पाणी!"

दामोदरराव दोन पावलं मागे सरकले. मग ते खेकसले, "भटकं कुत्रं! माझ्या फाटकात शिरलंच कशाला?"

उत्तर द्यायला वेळ कुणाला होता! मी जाड घोंगडीत कप्पूला गुंडाळलं, भुवनने ऑटो थांबवला आणि सुमाने वाटेतूनच डॉक्टरांना कळवलं, "तंबाखू!"

दवाखान्यात इंजेक्शनं तयारच होती. सलाईन लागलं. तीन तास गेले. मग कप्पूने मान उचलली.

"शाब्बास!" डॉक्टर मुलांना म्हणाले. "लाळ गाळणारा कुत्रा खरोखर पिसाळलेलाही असू शकतो, म्हणून लांब राहिलात ते उत्तम. पण लाळ, थरथर, उलटी असं एकदम सुरू झालं तर वाट बघायची नसते. आणखी तासभर गेला असता तर मला काही करता आलं नसतं."

दामोदरराव अजून आमच्याशी बोलत नाहीत. न बोलोत!

तुमच्याही गल्लीत रोज शेपूट हलवत येणारा कुणीतरी असेल. आज सकाळपासून दिसला का तो? पुस्तक मिटा, आणि लांबूनच का होईना, एकदा बघून या.