आखाजीच्या दुपारी हबीबच्या गॅरेजात

ही गोष्ट रात्रीची नाही.

भर दुपारची आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवसाची. ठिकाण शहादा, दोंडाईचा रस्त्यावरचं एक पत्र्याचं गॅरेज. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ती तिन्ही माणसं आज हयात आहेत. त्यांनी सांगितलं तेवढंच इथे लिहिलं आहे. पटवून घ्यायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

हेमकांतआप्पा ब्राह्मणपुरीचे. केळी आणि कापूस. घरात ते एकटेच.

त्यांची बायको फुलवंताबाई दिवाळीनंतर गेली. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आप्पा तिला एसयूव्हीत बसवून नंदुरबारला डायलिसिसला न्यायचे. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. ते मोजायचे आप्पाच. ती पेला पुढे करायची, आप्पा मान हलवायचे. दुसरा इलाज नव्हता.

ती गेली आणि महिन्याभरात गाडी बिघडली.

आप्पा अंगणात गाडी बंद करायचे. उतरायचे. दार लावायचे.

थोडा वेळ काहीच नाही.

मग... टिंग.

डावीकडचं दार उघडं असल्याची घंटी. आतला दिवा लागायचा. हळूहळू मंद व्हायचा. विझायचा.

दार बंदच असायचं.

फुलवंताबाईला उतरायला असाच वेळ लागायचा. आधी पिशवी, मग पदर, मग एकेक पाय.

आप्पांनी हे कोणाला सांगितलं नाही. ते अंगणात थांबायचे. दिवा विझला की मगच घरात जायचे.

शहाद्याच्या हबीबने गाडी एकदा तपासली होती. गाडीचे दिवे-घंटी सांभाळणारं बॉडी कंट्रोल मॉड्यूल गेलं होतं. त्याने नवीन मागवून ठेवलं. ते येऊन पडलं, हबीबचे फोनवर फोन आले. आप्पा 'उद्या येस' म्हणायचे आणि जायचे नाहीत.

आखाजीसाठी लेक माहेरी आली. रूपाली, सुरतेला दिलेली. आप्पा तिला दोंडाईचा स्टेशनवर घ्यायला गेले. येताना अंधार पडला. सारंगखेड्याच्या पुलावर मधोमध दोन्ही हेडलाइट गेले. समोरून उसाचा ट्रक. रूपालीच्या मांडीवर लेकरू.

थोडक्यात वाचले.

"आप्पा, ही गाडी सुधारा," घरी आल्यावर ती म्हणाली. "नहीतं मी चावी लई जासू."

दुसऱ्या दिवशी आखाजी. खानदेशात त्या दिवशी मेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरतात. उन्हाळ्यात त्याची तहान भागावी म्हणून. दुपारी निखाऱ्यावर घास टाकतात. रूपालीने कोरी घागर आणून देवघरापुढे ठेवली. पुरण शिजत होतं.

आप्पांनी पायात चप्पल घातली.

"कोठे चालनात?"

"गाडी दखाडी येस."

"आज? सनना दिन?"

"तूच सांगं ना काल."

"आप्पा, मायनी घागर तुमलेच भरनी पडी. तिनी पहिली आखाजी शे."

आप्पांनी घागरीकडे पाहिलंसुद्धा नाही. घागर मेलेल्या माणसाची भरतात. रोज संध्याकाळी जी आपल्यामागून गाडीतून उतरते, तिची कशी भरायची?

हे ते बोलले नाहीत. निघाले.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शहाद्यात दुकानं बंद. हबीब तेवढा एकटाच गॅरेजात होता. बाहेर कडुलिंब, त्याखाली दोन खुर्च्या आणि पाण्याचा माठ.

"पोचनात बुवा एकदाचे!" हबीब हसला. बॅटरीची वायर सोडवून तो डॅशबोर्डखाली शिरला. "काका, इंजिनना मेंदू न्यारा. हाऊ डबा म्हणजे घरनी सून. दिवा, कुलूप, वायपर, काचा, घंटी... सर्व्या कामे हाईच करस. हाई रुसनी का घरमा अंधारा."

आप्पा हसले नाहीत.

"हबीब... डबा बदलावर ती दारनी घंटी बंद व्हई जाई का?"

"नही व्हयनी तर मन्हं नाव बदला!"

जुना डबा बाहेर आला. तळहाताएवढा, काळा. हबीबने तो फळीवर टाकला. नवीन बसवला, लॅपटॉप जोडला, त्याला चाव्यांची ओळख करून दिली. मधे दोनदा तो कडुलिंबाकडे जाऊन आला. आप्पांची पाठ तिकडे होती. त्यांची नजर फळीवरच्या डब्यावर होती.

काम झालं. हबीब हातपाय धुवायला मागे गेला. आप्पा निघाले.

गाडी आता शहाण्यासारखी चालत होती. सगळे दिवे लागत होते. सगळं बरोबर होतं.

अंगणात त्यांनी इंजिन बंद केलं. उतरले. दार लावलं. थांबले.

काहीच नाही.

आणखी थांबले. डोक्यावर ऊन. घरातून पुरणाचा वास. शेजारी कोणाकडे तरी जेवणाच्या पंगतीचा आवाज.

गाडीत मात्र... काहीच नाही.

आप्पांनी डावीकडचं दार स्वतःच उघडलं. घंटी वाजली. दिवा लागला. सीट रिकामी होती. इतके महिने ती त्यांना कधी रिकामी वाटली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. हबीब.

"काका, घर पोचनात का?"

"हो. काय ऱ्हायनं?"

"काकूच ऱ्हायन्यात ना!" हबीब हसत होता. "तुम्ही बी कमालच करतस. मी नमाज पढी उनू, तर काकू आठेच. लिंबडाखाले बठेल शेतस."

हबीबने फुलवंताबाईला कधी पाहिलं नव्हतं. ती गेल्याचंही त्याला ठाऊक नव्हतं.

"काय... काय करी ऱ्हायनी ती?"

"पानी पी ऱ्हायन्यात. तुम्ही व्हतात तव्हाच दोन लोटा दिन्हात मी. आते..."

हबीब थांबला. पुन्हा बोलला तेव्हा आवाजातलं हसू गेलं होतं.

"काका, अख्खा माठ रिकामा व्हई गया. आखो पानी मांगी ऱ्हायन्यात. तुम्ही लवकर या."

आप्पांनी गाडी कशी वळवली, ते त्यांना आठवत नाही.

कडुलिंबाखाली दोन्ही खुर्च्या रिकाम्या. माठ आडवा. आत हात घातला, तळ कोरडा. खालची माती कोरडी. माठाएवढं पाणी सांडलं असतं तर चिखल झाला असता.

हबीब गॅरेजच्या दारात उभा होता. तिथून तो पुढे येईना.

"कोठे गयी?"

"घर जास म्हणे. मी बोलनू, थांबा, काका ई ऱ्हायनात." हबीबने ओठांवरून जीभ फिरवली. "त्या बोलन्यात... 'तुन्हा काका पानी देतस नही.'"

आप्पांनी आडवा माठ सरळ केला.

"कोन व्हती ती, काका?"

आप्पांनी सांगितलं.

हबीब आत गेला, जुना डबा आणून पुढे केला. "लई जातस का?"

आप्पांना पूल आठवला. रूपालीच्या मांडीवरचं लेकरू आठवलं. त्यांनी मान हलवली. नाही.

परतताना ते सावकाश आले. रस्त्याच्या दोन्ही कडा बघत. दोन्हीकडे कापूस उपटून रिकामी केलेली शेतं. भर उन्हात पायी चाललेली बाई कुठेच नव्हती.

घरी रूपाली ओट्यावर बसून होती. तिच्याशी न बोलता आप्पा आत गेले. कळशी उचलली आणि घागरीत ओतू लागले.

कळशी संपली.

दुसरी ओतली. तीही संपली.

घागर भरेना.

"आप्पा... फुटेल शे का ती?"

रूपालीने घागर उचलून पाहिली. हलकी होती. खालची फरशी कोरडी ठणठणीत.

ती मागे सरकली. आप्पा नाही सरकले. ते नळावर जात होते, कळशी भरून आणत होते, ओतत होते. या वेळी मोजत नव्हते. त्यांच्या तोंडावर भीती नव्हती, असं रूपाली सांगते. उलट घागर भरू नये, असंच त्यांना वाटत असावं.

मग एका कळशीला पाणी वर दिसलं.

काठाशी आलं. काठावरून ओघळलं. फरशी ओली झाली.

आप्पांनी कळशी खाली ठेवली.

"फुलवंता... आखो देऊ?"

पाणी काठाशी तसंच राहिलं.

हबीबने कडुलिंबाखाली नवीन माठ ठेवला आहे. पण ती बसलेली खुर्ची त्याने आत घेतली. गिऱ्हाइकासोबत बाई आली की तो आधी गिऱ्हाइकाला विचारतो, 'संगे कोन शे?'

रूपाली आप्पांना सुरतेला बोलावते. ते जात नाहीत.

घागर अजून देवघरापुढेच आहे. नंदुरबारच्या वैशाखात मातीच्या भांड्यातलं पाणी रात्रीतून चार बोटं खाली जातं, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. आप्पा रोज सकाळी उठून तिच्यात बघतात, रात्री फुलवंता येऊन प्यायली का म्हणून.

पाणी काठोकाठ असतं.

थेंबभरही कमी होत नाही.