रावणाची तीस डोकी

रावणाला डोकी किती, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या सकाळी कुडाळजवळच्या एका शाळेच्या काळोख्या सभागृहात, पांढऱ्या पडद्यावरच्या रावणाला चांगली तीस डोकी फुटली होती. आणि तीही पाणी घातलेल्या ताकासारखी फिकट.

पडद्यामागे तेरा वर्षांची सुरंगी चामड्याची बाहुली धरून घामाघूम झाली होती. अर्ध्या तासात ऐंशी मुलं येणार होती. खेळ त्यांच्या मनात भरला, तर मुख्याध्यापिका आठवड्याचा एक तास छायाबाहुल्यांना देणार होत्या. नाही तर तो तास डोळ्यांवर चष्मा चढवून बघायच्या चित्रकथांना जाणार होता. आजोनंतर (आजोबांनंतर) हा खेळ करणारं घरात सुरंगीशिवाय कोणी नव्हतं.

"मी तीन दिवे लावले आहेत," शाळेचा यंत्रमानव टिकू म्हणाला. "एकाच्या तिप्पट उजेड."

"आमच्यात दिवो एकच लावतत," कोपऱ्यात बसलेला आजो म्हणाला.

"का?"

"बापाशीन (वडिलांनी) सांगल्यान म्हणान."

"याला कारण म्हणत नाहीत," टिकू म्हणाला. हा शिष्टपणा त्याला कोणी शिकवला होता कोण जाणे. सुरंगीला ते फार लागलं. लागलं, कारण तिनेही कितीदा हेच विचारलं होतं आणि तिलाही हेच उत्तर मिळालं होतं.

तिने रावण पडद्याला चिकटवून धरला. डोकी बरोबर दहा. मोठा दिसावा म्हणून दिव्यांकडे मागे ओढला, तर पुन्हा तीस.

"टिकू, डावा दिवा बंद कर."

दहा डोकी गेली.

"आता उजवा."

आणखी दहा गेली. उरली ती कोळशासारखी काळीभोर.

"आलं लक्षात," सुरंगी म्हणाली. "प्रकाश सरळ जातो. बाहुली त्याची वाट अडवते, तिथे सावली पडते. दिवे तीन जागी, म्हणून सावल्याही तीन जागी. शिवाय एका दिव्याच्या सावलीत बाकीचे दोघे उजेड ओततात, म्हणून ती फिकट. बाहुली पडद्याला टेकली, की तिन्ही सावल्या एकाच जागी पडतात."

टिकू म्हणाला, "मग एकच दिवा, पण रुंद आणतो." आणलाही. डोकी दहाच दिसली, पण रावणाच्या कडा पुसट झाल्या आणि मुकुटातली नक्षीची भोकं पार बुजली.

सुरंगीने कपाळ खाजवलं. "रुंद दिवा म्हणजे खेटून बसलेले शेकडो छोटे दिवे. प्रत्येकाची सावली जराशी सरकलेली. मधोमध सगळ्यांचाच उजेड अडतो, कडेला थोड्यांचाच."

"मधली ती प्रच्छाया (पूर्ण गडद सावली) आणि कडेची उपछाया (अर्धवट, पुसट सावली)," टिकू म्हणाला. "ग्रहणाच्या धड्यात हेच शब्द आहेत."

"असणारच. सूर्य रुंद दिवाच आहे."

आजोने पिशवीतून आपली एका वातीची पणती काढली.

मुलं आली, खेळ सुरू झाला. रावण मागे मागे सरकत छताएवढा झाला. मुकुटातलं भोक न् भोक चमकू लागलं, तशी पुढच्या रांगेतली मुलं आपोआप मागे सरकली. खेळ संपताच सगळी पडद्यामागे घुसली. मुख्याध्यापिकांनी तिथेच सांगून टाकलं, "दर बुधवारी, दुसरा तास."

सुरंगीचा जीव भांड्यात पडला.

"माझी आई चंद्रावरच्या तळावर काम करते," एक मुलगी म्हणाली. "तिथे उघड्यावर करता येईल हा खेळ?"

"तिथे हवा नाही. पणती पेटणार नाही," टिकू म्हणाला.

"मग विजेचा घ्यायचा, पण इवलासा," सुरंगी म्हणाली.

आजोने पणती विझवून टिकूच्या हातात ठेवली.

"आणि एकच," तो मुलांना म्हणाला. "कित्याक (का), ता सुरंगीक इचारा. माका पण आजच कळला."